हलू नका, अण्णा

पडद्यावरच्या अण्णांची पापणी लवली आणि मी दचकलो. जिवंत माणसाची पापणी लवते, त्यात दचकण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. पण माझा धंदा फोटोचा, आणि आमच्या धंद्यात पापणी लवली की फिल्म फुकट गेली. वीस वर्षं मी अण्णांचे फोटो काढत होतो. हस्तपत्रिकांसाठी, भिंतीवरच्या कागदांसाठी, कामगार मेळाव्याच्या कमानीसाठी. त्यातल्या एकाही फोटोत अण्णांनी पापणी लवू दिली नव्हती, आणि कुठून देणार, मीच काळ्या कापडाखालून ओरडायचो, हलू नका, अण्णा. आता होम मैदानावर ताडपत्रीच्या मांडवात बाकांवर चार पेट्या मांडल्या होत्या, चार पेट्यांत चार अण्णा बसले होते आणि चौघांनी एकाच क्षणी डोळे मिटून उघडले. शेजारी तरटावर बसलेली मल्लव्वा, माझी बायको, "अय्यो, जित्तं हाय की हे!" म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला. खरे अण्णा आमच्यापासून पंधरा पावलांवर, कापडी आडोशाच्या पलीकडं, दिव्यांच्या उजेडात बसले होते. ते आम्हाला दिसत नव्हते. दिसत होते ते हे चार. मला वाटलं, उठावं आणि पेटीच्या मागं जाऊन बघावं. दोन म्हातारे आधीच जाऊन बघून आले होते आणि मागं नुसत्या तारा आहेत असं सगळ्यांना सांगत होते.

हे अठ्ठ्याहत्तर सालच्या, संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतलं. सोलापुरात टीव्ही अजून यायचा होता. मुंबईत होता, पुण्यात दिसायचा, आणि आमच्यातले जे बघून आले होते ते काशी करून आल्यासारखे हळू आवाजात बोलायचे. त्या वर्षी जोतीराम रेडिओवाल्यानं मुंबईहून एक इंजिनियर, एक कॅमेरा आणि चार पेट्या आणवल्या आणि यात्रेत तंबू ठोकला. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि आपलं तोंड तारेतून पेटीत जायचं, बस, एवढाच खेळ. बाहेरून कुठून काही येत नव्हतं, आपलंच रोजचं तोंड. पण लोक मौत का कुआँ सोडून तिथं रांग लावत होते. वैरागकडच्या एका पैलवानानं पेटीतल्या स्वतःला नमस्कार केला, पेटीतल्यानंही उलट नमस्कार केला, तसा तो खाली वाकून पेटीच्या पाया पडला. मी त्याला हसलो नाही. रांगेत त्याच्या मागं माझाच नंबर होता, आणि जवळ गेल्यावर माझेही हात आपोआप जोडले गेले होते. आयुष्यभर मी माणसांना थांबवून त्यांची तोंडं काढली, आणि इथं तोंड न थांबता येत होतं. कोणी रिटचिंग केलं नव्हतं, कोणी धुतलं नव्हतं, वाळत घातलं नव्हतं. बाहेर हललं की आत हललं. मला आनंद झाला की भीती वाटली ते अजून सांगता येत नाही.

पुढल्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. आमच्या भागातून धोंडिराम अण्णा उभे होते, जुने विणकर, गिरणी कामगारांचे पुढारी; समोर रावजी वकील, चाळिशीच्या आतले, मूळ करमाळ्याचे, कोर्टात नाव कमावलेले. जोतीरामच्या डोक्यात आलं की दोघांना कॅमेऱ्यासमोर बसवावं, मध्ये कॉलेजातले एक प्राध्यापक बसवावेत आणि एकमेकांना प्रश्न विचारायला लावावेत. माझ्या दुकानात येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा मी निगेटिव्हवर वाकलो होतो, मान वर केली नाही. मग त्यानं अमेरिकेची गोष्ट काढली. "तिकडं दोन उमेदवार असंच समोरासमोर बसले हुते, सिद्रामा. ज्यांनी रेडिओवर ऐकलं ते म्हनाले ह्यो जिंकला. ज्यांनी टीव्हीवर बघितलं ते म्हनाले, छ्या, त्यो जिंकला. बोलनं तेच की! तोंडानं सगळं फिरवलं." मी विचारलं, तोंडाला काय झालं होतं त्याच्या? "दाढी वाढल्यागत दिसली म्हनं. वर घाम आलेला." एवढं बोलून जोतीराम चहा पिऊन निघून गेला आणि माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. एवढा मोठा देश, एवढी मोठी खुर्ची, आणि एका माणसाच्या न केलेल्या दाढीनं ती हलली! मला त्या यंत्राबद्दल तेव्हापासून देवाबद्दल वाटावा तसा धाक वाटू लागला. दाढीनं जर माणूस पडत असेल, तर अण्णांच्या उजव्या गालावर जे होतं त्यानं काय होईल?

अण्णांच्या उजव्या गालावर डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक व्रण होता. जखम भरली, पण गालातली कसली तरी शीर मेली ती मेलीच. अण्णा हसले की डावी बाजू हसायची आणि उजवी तशीच राहायची, शेजाऱ्याशी भांडण असल्यासारखी. पण हे किती जणांना ठाऊक होतं? जे त्यांच्याजवळ बसले, ज्यांनी त्यांच्याबरोबर चहा घेतला, त्यांना. बाकीच्यांनी अण्णांना पाहिलं होतं ते सभेत, आणि सभेत दहाव्या रांगेच्या पुढं तोंड कुणाला दिसतं? पांढरा सदरा दिसतो, वर गेलेला हात दिसतो, आणि आवाज येतो. अण्णांचा आवाज म्हणजे भोंग्यानंतरचा दुसरा भोंगा. गिरणीच्या दारात ते उभे राहिले की सायकली आपोआप थांबायच्या. तोंडासाठी लोकांकडं माझी हस्तपत्रिका असायची. आवाज गिरणीच्या दारातला आणि तोंड माझ्या दुकानातलं, अशी दोन ठिकाणची जोडणी करून सोलापूरनं आपला अण्णा तयार केला होता, आणि तोवर त्या जोडणीत कुणाला काही खोट दिसली नव्हती. माझ्या दुकानातल्या तोंडावर व्रण नव्हता. निगेटिव्हवर त्याची एक स्वच्छ पारदर्शक रेघ असायची, कारण तिथं काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं असतं. मी भिंग लावून, कठीण शिशाची पेन्सिल सुईसारखी टोकदार करून, ती रेघ बारीक बारीक ठिपक्यांनी भरायचो. एक फोटो, दोन तास. बाकी गिऱ्हाईकांच्या पुटकुळ्या मी दहा मिनिटांत उडवत असे. अण्णांच्या रेघेला मात्र दोन तास, आणि त्यात मी कुणाला दुकानात येऊ देत नसे.

आणीबाणीत अण्णा भूमिगत झाले तेव्हा साध्या कपड्यातले दोघे पोलीस माझ्याकडं फोटो मागायला आले. मी दिला, नाही म्हणणार कसा? पण दिला तो माझ्या हाताखालून गेलेला. ते दोघे तो फोटो खिशात घालून हिंडत होते, आणि अण्णा चहाच्या गाडीवर त्यांच्याच बाकावर, त्यांच्या शेजारी बसून चहा पिऊन गेले. फोटोतला देखणा माणूस आणि बाकावरचा हा अर्ध्या तोंडाचा म्हातारा यांचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नसावं. नंतर अण्णा ही गोष्ट सांगून सांगून हसायचे, डावीकडून. "सिद्रामाच्या पेन्सिलीनं वाचिवलं रं मला," म्हणायचे. मीही हसायचो. पण हसताना मी खाली बघायचो, हे माझं मलाच ठाऊक होतं.

कारण तो व्रण माझा होता. चोपन्न साली मी वीस वर्षांचा होतो, गिरणीत दोन माग चालवायचो, आणि अण्णा माझ्या समोरच्या मागावर होते. धोटा कसा असतो हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो: वीतभराहून लांब, लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादाची टोकं, पोटात धाग्याची कांडी, आणि तो मिनिटाला दीड-दोनशे वेळा इकडून तिकडं जातो. तो उडून बाहेर येऊ नये म्हणून मागाला समोर एक लोखंडी दांडी असते. ती असली की तुटलेला धागा जोडताना हात अडतो. मी तरुण, हाताला घाई, मी सकाळी ती दांडी काढून मागाखाली ठेवायचो आणि सायबाची फेरी आली की परत बसवायचो. त्या दिवशी धोटा उडाला. मागांच्या खडखडाटात काहीच ऐकू येत नसतं, तेव्हा मला आवाज आठवत नाही. समोरचा माणूस एकदम दिसेनासा झाला एवढंच आठवतं. मागाखालून बघितलं तर अण्णा जमिनीवर, गालावर हात, बोटांतून रक्त. मी पहिल्यांदा काय केलं? मी वाकलो, दांडी उचलली, आणि ती जागेवर बसवली. मग अण्णांकडं धावलो. हा क्रम मी कधी कुणाला सांगितला नाही. सगळे धोटे एकसारखे, कुणाचा उडाला हे ठरलंच नाही, दोन-तीन माग बंद होते, सायबानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि विषय मिटला. वर्षभरात मी गिरणी सोडली, एका फोटोवाल्याकडं पडेल ते काम करत धंदा शिकलो, आणि सत्तावन्नच्या निवडणुकीत पहिला फोटो काढायला माझ्या दुकानाची पायरी चढून आले ते अण्णाच. का आले? त्या वेळी मला वाटलं, योगायोग.

आता कळेल की पेटीतल्या त्या पापणीनं मी का दचकलो. आठ दिवस मी जिवाचा आटापिटा केला होता. अण्णांना जाऊ नका म्हणून सांगून पाहिलं, ते म्हणाले, "वकील जातोय आन म्या न्हाय गेलो तर लोक काय म्हनतील? अण्णा भ्याला पेटीला." मग मी म्हटलं, ठीक आहे, पण मी सांगतो तसं बसायचं. तोंडाच्या बाबतीत अण्णा माझा शब्द कधी मोडत नसत. मी नाटकवाल्यांकडून मेकपचा रंग मागून आणला, दुपारी तीन वाजता आडोशामागं बसवून तो व्रणावर थापला, वर पावडर मारली. खुर्ची जराशी अशी फिरवली की डावी बाजू कॅमेऱ्याकडं यावी आणि उजव्या गालाची कडच तेवढी दिसावी. "हितं बघायचं. मान वळवायची न्हाय. हसायचं तर मुळीच न्हाय. आपल्या दुकानात बसता तसं बसा, अण्णा. हलू नका." अण्णांनी आज्ञाधारक पोरासारखी मान डोलावली. मल्लव्वा बाहेर जागा धरून बसली होती, मी जाऊन तिच्याशेजारी बसलो, आणि मला वाटत होतं की कॅमेरा म्हणजे कॅमेरा, त्यातलं सोलापुरात माझ्याइतकं कुणाला कळतं?

प्राध्यापकांनी नमस्कार केला, दोघांची ओळख करून दिली, आणि पहिला प्रश्न वकिलांना गेला. रावजी वकील बोलू लागले आणि मी चक्रावून गेलो. ते हलत होते! कान खाजवला, चष्मा काढून पुसला, प्राध्यापकांकडं वळून हसले, मग पुन्हा वळून पेटीतून सरळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, पाण्याचं सांगतो. मला वाटलं मलाच सांगतायत. मी मागं वळून पाहिलं, तर मागच्या माणसाला वाटत होतं त्यालाच सांगतायत. एवढी हजार-बाराशे माणसं, प्रत्येकाच्या ओसरीवर वकील येऊन बसल्यासारखे. ते आवाज चढवत नव्हते, हात वर नेत नव्हते. सभेत असं बोललं असतं तर लोक उठून भज्यांच्या गाडीवर गेले असते. इथं कोणी खोकलंसुद्धा नाही. नंतर जोतीरामनं मला सांगितलं की आधीचे तीन दिवस वकील रोज रांगेत उभे राहून येत होते आणि पेटीत स्वतःला बघून जात होते. दुसरा दुकानदार कुणी आपल्या गल्लीत आला की माणसाला कळतं ना, तसं मला तिथं बसल्या बसल्याच कळलं, की माझा धंदा या यंत्राच्या वेगळ्याच बाजूला राहिला आहे.

मग अण्णांची पाळी आली. गिरण्यांचं काय होणार, असा प्रश्न होता, अण्णांच्या जिभेवरचा. चारी पेट्यांत अण्णा आले. हनुवटी जराशी वर, डावी बाजू पुढं, नजर लांब, ओठ मिटलेले, छातीत श्वास धरलेला. माझ्या दुकानातला फोटोच. त्यांची पापणी लवली ती तेव्हाच. तेवढीच. मग ते बोलले, पण कसे? ओठ हलू नयेत असे बोलले. एक वाक्य, थांबले, आणखी एक वाक्य. तो भोंग्यासारखा आवाज नरड्यात कुठंतरी अडकून बारीक होऊन येत होता, कारण छातीत धरलेला श्वास ते सोडतच नव्हते. मान वळवायची नाही म्हणून प्राध्यापकांकडंसुद्धा बघेनात. पुढं बसलेल्या गिरणीतल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "अण्णा आलं न्हाईत जनू, फोटू पाठवलाय." हशा झाला. हसणारे अण्णांचेच लोक होते, त्यांना हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मी हसणाऱ्या तोंडांकडं बघितलं, मग पेटीकडं. आतल्या दिव्यांच्या धगीनं अण्णांना घाम फुटला होता आणि मेकपचा रंग भेगाळत होता. पावडर खाली ओघळत होती, आणि तिच्याखालून, हळूहळू, कुणीतरी आतून काढत आणल्यासारखी, ती रेघ वर येत होती. चार पेट्यांत चार रेघा. मी घातलेलं सगळं, वीस वर्षांचं, माझ्या डोळ्यांदेखत ते यंत्र उतरवून ठेवत होतं. मला पळून जावंसं वाटलं आणि बघतच राहावंसं वाटलं. एवढी खरी रेघ मी कधी पाहिली नव्हती. निगेटिव्हवर ती उलटी असायची, कापडाखाली बघितलं तर अण्णाच उलटे, पाय वर डोकं खाली. आणि फोटो पेपरवर यायचा तोवर मी ती पुसलेली असायची. आणि समोरासमोर? समोरासमोर मी चोवीस वर्षं अण्णांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीशी बोलत आलो होतो.

पण ती रेघ बघत बसायची वेळ नव्हती. अण्णा बुडत होते आणि मी सांगितलं होतं म्हणून बुडत होते. मल्लव्वानं मला ढोसलं, "त्येंना काय झालंय? सांगा की कुनीतरी." मी उठलो, माणसांच्या पायांवर पाय देत आडोशाशी गेलो आणि कापड बाजूला करून आत शिरलो. इंजिनियरनं माझ्याकडं डोळे वटारले. त्याच्याजवळ एक पाचवी, छोटी पेटी होती, आणि तिच्यातही अण्णा होते. मी तिथं उभा राहिलो तेव्हा माझ्या डाव्या हाताला पेटीतले अण्णा होते आणि समोर खुर्चीवर खरे अण्णा, दोघांच्या गालावरून एकच घामाचा थेंब एकाच वेळी खाली येत होता. असं काही बघायला मिळेल म्हणून मी जन्माला आलो असेन तर ते वाया गेलं नाही, असं मला तेव्हा वाटलं, त्या भयंकर वेळीसुद्धा. दुकानात फोटो निघाला की मी कापडाखालून डोकं काढून एक शब्द म्हणायचो, वीस वर्षं तोच. मी तो म्हणालो. हळू म्हणालो, पण अण्णांना ऐकू जाईल एवढं.

"झालं, अण्णा. सोडा."

अण्णांनी श्वास सोडला. पेटीतल्यांनी सोडला. खांदे खाली आले, हनुवटी खाली आली, मान वळली आणि पूर्ण तोंड समोर आलं. फोटो निघाल्यावरचे अण्णा मी एकट्यानं पाहिलेले होते: तो घामेजलेला, दमलेला, थट्टेखोर माणूस, जो उठताना म्हणायचा, "मारलंस रं बाबा." तोच आता पेटीत आला आणि डावीकडून हसला. उजवीकडची बाजू तशीच राहिली. बाहेरून एक आवाज आला, हजार माणसांनी एकदम श्वास घेतला तर येईल तसा.

रावजी वकील हुशार. ते माणूस वाईट नव्हते, पण कोर्टातले. त्यांनी ते तोंड बघितलं आणि लगेच धरलं. "अण्णा, मी तुमच्याबद्दल आदर ठेवूनच विचारतो," ते म्हणाले. "बाहेरच्या भिंतींवर तुमचे फोटो आहेत. त्यात हा व्रण नाही. वीस वर्षं तुम्ही लोकांना दुसरंच तोंड दाखवलंत. मग लोकांनी असं का विचारू नये, की आणखी काय काय झाकलंत?" अण्णांनी नुसतं म्हणायचं होतं, फोटोवाल्यानं केलंय, मी सांगितलं नव्हतं. दोन शब्दांत सुटले असते, आणि ते खरंच होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, राहिलेला रंग पुसून टाकला, रुमालाकडं बघितलं आणि परत खिशात घातला. त्या यंत्रावर एवढा वेळ कोणी गप्प बसत नाही, हे मला आता कळतं. इंजिनियर तर हातानं खुणा करत होता, बोला, बोला.

"बराबर इचारलंत, वकीलसाहेब," अण्णा म्हणाले, आणि आवाज त्यांचा होता, पण गिरणीच्या दारातला नव्हे. फोटो निघाल्यावर चहाचा कप हातात घेतल्यावरचा. "हे धोट्यानं झालंय. खाली पडलो हुतो, डोळ्यात रगत. तरीबी दिसत हुतं की. मागाखालनं बघितलं तर एक पोरगं आदी दांडी जाग्यावर लावत हुतं. मग माझ्याकडं पळत आलं. हात लई कापत हुते त्याचे. नाव इचारू नका, सांगनार न्हाय. युनियनमधी सांगितलं न्हाय, घरी सांगितलं न्हाय. त्येची नोकरी गेली आसती आन माझा गाल काय परत आला नसता. त्योच हा डाग पुसतो. त्येला बघवत न्हाय. मला काय, मला आरशात रोज दिसतोय. पुसू दे की बिचाऱ्याला, म्हनलं. तर लोकांपासनं काय झाकलं म्हनाल तर हे एक झाकलं. आज तेबी ऱ्हायलं न्हाय."

असं म्हणून अण्णांनी कॅमेऱ्यावरची नजर काढली आणि बाजूला बघितलं. इंजिनियरच्या छोट्या पेटीत मी पाहिलं: अण्णा चौकटीच्या बाहेर, कुणाकडं तरी बघत आहेत. बाहेर हजार-बाराशे माणसांनी तेच पाहिलं. कुणाकडं बघतायत, ते पेटीत मावलं नव्हतं. मी पेटीवरून डोळे उचलले. वकिलांनी पुढं काही विचारलं नाही, आणि वकिलानं पुढचा प्रश्न न विचारणं ही काय चीज असते हे कोर्टाची पायरी चढलेल्याला ठाऊक आहे.

फेब्रुवारीत अण्णा पडले. तेराशे मतांनी. काही म्हणतात त्या पेटीनं पाडलं. पहिली दहा मिनिटं ज्यांनी पाहिली आणि जे भजी खायला उठून गेले, त्यांनी बाहेर जाऊन सांगितलं की म्हातारा संपला. काही म्हणतात, पेटी नसती तर दहा हजारांनी पडले असते. सगळ्यांकडं आपापली पेटी असल्यासारखे लोक वाद घालतात. एवढं मात्र मी दुकानात बसून पाहिलं की त्या यात्रेनंतर माझ्याकडं येणारे उमेदवार हसायला लागले. आधी कोणी दात दाखवायचा नाही. आता नगरपालिकेचे पोरसवदा उमेदवारसुद्धा म्हणतात, जरा बोलता बोलता काढा, कान खाजवतानाचा काढा. आरशासमोर दहा मिनिटं घालवतात आणि मग न बघितल्यासारखं बघतात. मला याचं हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते. अण्णांचा प्रचाराचा शेवटचा फोटो दुसऱ्याच दिवशी काढला, त्यावर मी पेन्सिल टेकवली नाही. तो भिंतींवर लागला तेव्हा लोक थांबून बघत होते. अण्णांचे फोटो सोलापुरात कोण काढतो हे चहावाल्यापासून सगळ्यांना ठाऊक, पण मला एकानंही काही विचारलं नाही. चहावाल्यानंही नाही. एवढ्या मोठ्या गावानं एक गोष्ट ऐकली आणि खाली ठेवून दिली, याचं मला त्या पेटीहून जास्त नवल वाटतं.

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होतो. कार्यक्रम संपला, अण्णांना त्यांच्या लोकांनी उचलूनच नेलं, आणि मी आणि मल्लव्वा गर्दीतून वाट काढत घराकडं निघालो. दिवे नुकतेच लागत होते. यात्रेत घेतलेली बिडाची कढई तिनं कमरेवर धरली होती. मी दोनदा मागितली, दिली नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर माझा जुना अण्णा भिंतीवरून बघत होता, गुळगुळीत गालाचा, श्वास धरलेला. मल्लव्वा प्रत्येकाकडं बघत होती. बावीस वर्षं ती माझ्याबरोबर होती, अण्णांच्या फोटोच्या दिवशी दुकानाचं दार आतून लावलेलं तिनं वीस वर्षं पाहिलं होतं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिनं कढई या बाजूची त्या बाजूला घेतली.

"बायका इचारत हुत्या," ती म्हणाली, "अण्णा शेवटाला कुनाकडं बघत हुते म्हनून. पेटीत दिसलं न्हाय."

"माझ्याकडं."

ती चालत राहिली.

"मग?"

"मग मीबी बघितलं त्येंच्याकडं."